फुलांची फसफसणारी वाइन: एल्डरफ्लॉवर तिकडं, मोह इकडं

हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मधेमधे जे 'काय ना', 'म्हणजे बघा' येतं ते बरंचसं काढलंय, थोडं राहू दिलंय. बसमध्ये हेडफोन नसला की वाचायला बरा पडतो, असं तुम्हीच सांगता.

तर प्रश्न असा आला होता: "दादा, रीलमध्ये एक बाई झुडपावरची पांढरी फुलं तोडते, पाण्यात साखर-लिंबू टाकते आणि दोन आठवड्यांनी बाटली उघडली की शॅम्पेनसारखा फेस. आपल्या यवतमाळात मोहाची एवढी फुलं पडतात. त्यांचं असं काही घरी करता येईल का?"

प्रश्न एकदम झकास आहे. उत्तरात मात्र तीन-चार गाठी आहेत. एक गाठ रसायनशास्त्राची, एक काचेच्या बाटलीची आणि एक पोलीस ठाण्याची. एकेक सोडवू.

ती पांढरी फुलं कोणती?

रीलमधलं झुडूप म्हणजे एल्डर. युरोपात रस्त्याच्या कडेला, कुंपणाला, कुठंही उगवतं. मे-जूनमध्ये त्याला बारीक पांढऱ्या-पिवळसर फुलांचे छत्रीसारखे तुरे येतात. त्याची भावकी हिमालयात सापडते, पण आपल्या इकडं हे झाड नाही. त्यामुळं त्याला मराठी नावही नाही.

इंग्लंडात ही वाइन घरोघरी करतात. कृती साधारण अशी. पाच लिटर पाण्याला पाऊण किलो साखर, फुलांचे सहा-आठ तुरे, दोन लिंबं आणि दोन चमचे व्हिनेगर. फुलं धुवायची नाहीत, नुसती झटकून किडे काढायचे. हिरवे देठ होतील तितके कापून टाकायचे, कारण एल्डरच्या देठात, पानात आणि कच्च्या फळात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. हे सगळं भांड्यात घालून, कापड बांधून एक-दोन दिवस ठेवायचं. मग गाळून पुढं आंबू द्यायचं.

फुलं धुवायची नाहीत याला कारण आहे. फुलावर परागकण असतात, त्यातून वास येतो. आणि फुलावर रानटी यीस्ट असतं. यीस्ट म्हणजे डोळ्याला न दिसणारी एकपेशीय बुरशी. इडलीचं पीठ फुगतं, पाव फुगतो, उसाचा रस दुपारपर्यंत ठेवला की आंबूस लागतो, या सगळ्यात तिची भावंडं आणि काही जिवाणू कामाला असतात. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. १८० ग्रॅम ग्लुकोज खाल्लं तर हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस. जवळजवळ निम्मं-निम्मं. गॅस उडून जाऊ दिला तर साधी वाइन. बाटलीत कोंडला तर फसफसणारी. बस, एवढंच गुपित आहे.

आता एक गोष्ट नीट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एल्डरफ्लॉवरच्या वाइनमध्ये फूल काय देतं? वास देतं आणि थोडं यीस्ट देतं. साखर दुकानातून येते. म्हणजे ती खरं तर साखरेची वाइन आहे, फुलाचं अत्तर लावलेली.

मोहाचं उलटं आहे.

मोह म्हणजे झाडावरचा मनुका

मार्च-एप्रिलमध्ये पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव, कुठल्याही जंगलपट्ट्यात पहाटे जा. झाडाला पानं जवळजवळ नसतात आणि खाली मोत्यासारखी फुलं पडलेली असतात. मोहाचं फूल तोडत नाहीत, ते रात्रीतून आपोआप गळतं. म्हणून बाया-पोरं उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर. उशीर झाला की गुरं खातात, हरणं खातात, आणि अस्वलाला तर मोह म्हणजे जीव की प्राण. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तीच आग जंगलात पसरते. वन खातं दर उन्हाळ्यात हेच सांगत फिरतं, की बाबांनो, झाडून घ्या, नाहीतर जुनी साडी नाहीतर जाळी अंथरा.

हे फूल पातळ पाकळीचं नाही. मांसल आहे, रसाळ आहे, दाबलं की गोड चिकट रस येतो. उन्हात वाळवलं की तपकिरी होऊन मनुक्यासारखं दिसतं, आणि मनुक्यासारखंच वागतं. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणजे एल्डरफ्लॉवरपेक्षा मोह द्राक्षाच्या जवळचा. वास त्याचा, साखरही त्याचीच, यीस्टही अंगावरच.

म्हणूनच हे फूल आधी अन्न आहे. कोलाम, गोंड, परधान घरांत मोहफुलं वाळवून डब्यात, मडक्यात भरून ठेवतात. भाजून जवस-तिळाबरोबर कुटतात, लाडू करतात, पिठात मिसळून भाकरी-पुऱ्या करतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की हाच डबा कामाला यायचा. शहरातल्या पोट्ट्यांना 'मोह' म्हटलं की एकदम बाटलीच आठवते, त्यांनी एकदा मोहाचा लाडू खाऊन बघावा.

पण साखर आहे म्हटल्यावर ती आंबणारच. मोहफुलं पाण्यात भिजत घालून काही दिवस ठेवली की जे तयार होतं त्याला आपल्याकडं 'सडवा' म्हणतात. पेपरात वाचता ना, 'पोलिसांनी इतके लिटर मोहफुलाचा सडवा नष्ट केला', तोच. रसायनशास्त्राच्या डोळ्यानं बघितलं तर सडवा आणि एल्डरफ्लॉवरची वाइन एकाच घरातले. दोन्हीकडं फूल, पाणी, साखर, यीस्ट. फरक पुढं पडतो. इंग्लंडातली बाई ते गाळून बाटलीत भरते. आपल्याकडं सडवा चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करतात आणि त्यातून कडक दारू उतरते. आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. आंबवून अल्कोहोल जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातं, कारण त्यापुढं यीस्टच आपल्या विष्ठेत बुडून मरतं. (सॉरी, जेवत असाल तर. पण खरं आहे.) त्याहून कडक पाहिजे तर भट्टी लावावी लागते.

आता बाटली

रीलमध्ये हा भाग दोन सेकंदांत उरकतात. मला विचाराल तर व्हिडिओ अर्धा याच्यावरच पाहिजे.

एक आकडा लक्षात ठेवा: चार. एक लिटर पाण्यात चार ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो. बंद बाटलीत त्याचा दाब साधारण एक बार वाढतो. बार म्हणजे किती? मोटारसायकलच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो. खऱ्या शॅम्पेनमध्ये दुसऱ्यांदा आंबवायला लिटरमागे २४ ग्रॅम साखर घालतात. २४ भागिले चार, सहा बार. कारच्या टायरच्या अडीच-तीन पट. म्हणून शॅम्पेनची बाटली जाड, जड आणि बुडाला खोलगट असते. जुन्या काळात फ्रान्सच्या त्या तळघरांत काम करणारे लोक तोंडाला लोखंडी मुखवटा बांधून हिंडायचे, कारण एक बाटली फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारची, मग तिच्या शेजारची.

आता मोहाचा हिशेब करा. अर्धा किलो वाळलेली मोहफुलं तीन लिटर पाण्यात. निम्मीच साखर धरली तरी अडीचशे ग्रॅम, म्हणजे लिटरला ऐंशीच्या वर. चारने भागा. वीस बार! अर्थात तिथपर्यंत कुठली बाटली टिकतच नाही, त्याच्या कितीतरी आधी ती फुटते. रील बघून एखाद्यानं आंबतं पाणी बियरच्या रिकाम्या बाटलीत भरून बूच ठोकलं आणि पलंगाखाली ठेवलं, तर त्यानं पलंगाखाली काचेचा सुतळी बॉम्ब ठेवलाय.

त्यात आपला उन्हाळा. इंग्लंडात जून म्हणजे वीस डिग्री. आपल्याकडं मोहाचा हंगाम संपता संपता पारा चाळिशीच्या वर. गरमीत यीस्ट पळतं, जे तिकडं दोन आठवड्यांत होतं ते इकडं दोन-तीन दिवसांत. वरून गरम पाण्यात गॅस कमी विरघळतो. थंड कोका-कोला उघडा आणि उन्हात तापलेला उघडा, फरक माहीतच आहे. दहा डिग्रीला जितका दाब, तेवढ्याच गॅसचा चाळीस डिग्रीला दुपटीहून जास्त. म्हणजे ज्या बाटलीनं तिकडं तग धरला, ती इकडं माळ्यावर धरेलच असं नाही.

दाबाची गोष्ट निघालीच आहे तर आपला गोटी सोडा आठवा. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२च्या सुमारास पेटंट केली. आत काचेची गोटी, मानेत रबराचं कडं. गॅसचा दाबच गोटीला वर ढकलून तोंड बंद ठेवतो. बूच नाही, तार नाही. अंगठ्यानं गोटी दाबली की 'टॉक्'. कूलर आणि फ्रिजच्या आधीपासून आपल्या बसस्टँडवर जे फसफसतंय ते हेच.

आपले काही श्रोते विलायतेत आहेत. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरी स्वतःपुरती वाइन-बियर आंबवायला परवाना लागत नाही. तर ज्यांच्या अंगणामागं खरंच एल्डर आहे आणि वयात बसतं, त्यांनी एवढं करा. सगळी साखर खाऊन संपेपर्यंत बाटलीत भरू नका. गॅस बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशा झाकणात आंबू द्या. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी मिळते, ती पाण्यात तरंगते आणि साखर किती उरली ते दाखवते. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे यीस्टचं जेवण झालं. मग लिटरला दहा-बारा ग्रॅम साखर मोजून घाला आणि सोड्याच्या जाड प्लॅस्टिक बाटलीत भरा. काच नको. प्लॅस्टिकची बाटली दाबून कळतं, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट झोपतं.

आणि आता पोलीस ठाणं

तिकडचं तिकडं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. कायदा १९४९चा, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. नाव बघा, 'दारूबंदी'. राज्यभर दुकानं उघडी असली तरी कायद्याची मूळ भूमिका बंदीचीच, बाकी सगळं परवान्यावर. कलम ६५ बातम्यांत सारखं येतं. त्यात नुसतं दारू करणं येत नाही, ती करण्यासाठी लागणारं साहित्य आणि भांडी बाळगणंही येतं. 'मी भट्टी कुठं लावली, मी तर नुसतं आंबवलं, ही तर वाइन आहे, फेस येतो बघा' हे तिथं चालत नाही. मद्य म्हणजे अल्कोहोल असलेलं पेय, फेस असो नसो.

मोहाच्या बाबतीत तर कायदा दारूपाशी थांबला नव्हता, तो फुलापर्यंत गेला होता. इंग्रजांनी १८९२मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला. ठाणे-कुलाब्याकडं लोकांनी फुलं बाळगण्यावर बंधन आलं. कारण सरळ होतं: जंगलातला माणूस घरच्या घरी करून पिऊ लागला तर सरकारी अबकारीचं उत्पन्न कुठून येणार? आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, वऱ्हाडात होता. जिल्ह्याचं नावही तेव्हा वणी होतं, १९०५मध्ये ते यवतमाळ झालं. पण पुढं १९४९चा कायदा आपल्यालाही लागू झाला, आणि त्यातही मोहफुलांवर बंधनं होतीच. म्हणजे कसं, एखाद्या बाईनं पहाटे चारला उठून वेचलेलं, घरात लाडवासाठी ठेवलेलं फूल हा संशयाचा माल. २०२१मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं यावरची बंधनं उठवली. फूल मोकळं झालं. दारू नाही.

आणि २०२२मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, की काजूबोंडं, मोहफुलं यांच्यापासून कारखान्यात तयार होणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्य' हा दर्जा द्यायचा. हेतू चांगला होता, 'देशी'च्या खान्यात त्याला भाव मिळत नव्हता. पण ऐकायला गंमत वाटते. झाड आपलं, फूल आपलं, वेचणारी आपली, आणि पाटी विदेशी.

शेजारी वेगळे प्रयोग झालेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरावीक प्रमाणात मोहाची दारू करायची सवलत आहे. मध्य प्रदेशानं तर अलीराजपूर, डिंडोरीकडच्या बचत गटांमार्फत मोहाचं 'हेरिटेज मद्य' बाजारात आणलं. गोव्यात काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्याकडं परवाना काढून बुडबुडे करणारे नाहीत असं नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीनं १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रानं फसफसणारी वाइन काढली, 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात विकली गेली. अलीकडं पुण्यात मधापासून मीड करणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे मोहाची फसफसणारी वाइन अशक्य नाही, पण ती परवाना, प्रयोगशाळा आणि भांडवल असलेल्या माणसाचं काम आहे. हॉस्टेलच्या खोलीतलं नाही.

तुम्ही म्हणाल, दादा, कायदा-कायदा काय करताय, गावोगावी हातभट्टी चालतेच की. चालते. आणि तिच्यापायी ज्या घरांत संध्याकाळी भांडी वाजतात, त्या घरांतल्या बायांनीच आपल्या जिल्ह्यात दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत. शेजारचं वर्धा १९७०च्या दशकापासून दारूबंदीत, गडचिरोली १९९३पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१. बंदीनं दारू संपते का, यावर तुमच्या-माझ्यात वाद होऊ शकतो, मलाही तसं वाटत नाही. पण त्या बायांना 'अगं, ही तर आर्टिसनल फ्लॉवर वाइन' असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

आणि वणीचं तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०२१, लॉकडाऊन, दुकानं बंद. दारू मिळेना म्हणून लोक सॅनिटायझर प्यायले, सात जणांचा जीव गेला. इथं एक गैरसमज काढून टाकतो. विषारी दारूत माणसं मरतात ती बहुतेक वेळा आंबवण्यामुळं नाही, तर त्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळं. २०१५ला मालवणीत शंभरावर माणसं गेली ती अशानंच. मिथेनॉलला वेगळा वास नाही, चव नाही, घरी ओळखायचा कुठलाही उपाय नाही. काडी पेटवून ज्योतीचा रंग बघा वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, त्यावर जीव टांगू नका.

मग फसफस हवीच असेल तर?

इथं मला एक जुना खटला फार आवडतो. इंग्लंडात सरे भागातली थॉर्नक्रॉफ्ट नावाची वाडी 'एल्डरफ्लॉवर शॅम्पेन' विकायची, शॅम्पेनसारख्या बाटलीत. फ्रान्सच्या तेतांजे या शॅम्पेनवाल्यांनी त्यांना कोर्टात खेचलं आणि १९९३मध्ये अपील कोर्टानं फ्रेंचांच्या बाजूनं निकाल दिला: शॅम्पेन हे नाव वापरायचं नाही. नावांच्या कायद्यात हा खटला गाजला. पण मजा पुढं आहे. त्या बाटलीत अल्कोहोलच नव्हतं! फुलाचा अर्क आणि सोडा. लोक आवडीनं प्यायचे.

म्हणजे फुलाची चव आणि बुडबुडे एकत्र आणायला यीस्ट लागतंच असं नाही. गॅस बाहेरून आणता येतो. आणि तो तरी मुळात कुठून आला? जोसेफ प्रीस्टली नावाच्या शास्त्रज्ञाच्या शेजारी, लीड्स गावात, बियरचा कारखाना होता. १७६७च्या सुमारास त्यानं आंबणाऱ्या हौदावर पाण्याचं भांडं धरलं, हौदातला गॅस पाण्यात उतरला आणि जगातला पहिला कृत्रिम सोडा तयार झाला. गॅस घेतला, दारू हौदातच राहिली. आपणही तेच करू.

कृती सांगतो. मी तीन-चार वेळा करून हे प्रमाण ठरवलंय.

दोनशे ग्रॅम वाळलेली मोहफुलं. आधी निवडायची, आतले केसरासारखे धागे आणि काड्या चोळून काढायच्या, नाहीतर कडवट तुरट लागतं. दोन-तीन पाण्यांनी धुवायची. उन्हात अंगणात वाळलेली असतात, माती असतेच. एल्डरफ्लॉवर धुवायचं नाही, मोह धुवायचाच, कारण आपल्याला यीस्ट नकोय.

मग अर्धा-पाऊण लिटर उकळतं पाणी ओतून तासभर झाकून ठेवा. तासभरच. रात्रभर भिजवू नका, आपल्या उन्हाळ्यात सकाळी उठून बघाल तर वर फेस, म्हणजे सडव्याची सुरुवात झाली. तासानं तेच मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा, म्हणजे यीस्ट उरलंसुरलं मरतं. सुती कापडातून गाळून घट्ट पिळा. तो काढा पुन्हा आटवा, पातळ काकवीसारखा होईपर्यंत. उतरवताना किसलेलं आलं, चिमूटभर मीठ. थंड झाल्यावर दोन लिंबांचा रस. साखर घालायची गरजच नाही.

मोहाचा वास पहिल्यांदा नाकात बसतो. काहींना आवडतो, काहींना नाही. लिंबू आणि आलं त्याला आवरतं. पुदिना मला तरी त्यात जुळत नाही. उरलेला चोथा फेकू नका, कणकेत मळून गोड पुऱ्या होतात.

प्यायच्या वेळी ग्लासात एक भाग अर्क, चार भाग थंडगार सोडा. सोडा वरून हळू ओता आणि चमचा घालून घुसळू नका, नाहीतर सगळा गॅस ग्लासातून निघून जाईल. सोडा जितका थंड तितके बुडबुडे टिकतात, कारण मघाशी सांगितलंय. गोटी सोडा मिळाला तर उत्तम, त्याचा गॅस तिखट असतो.

'दादा, थोडं यीस्ट टाकून एकच दिवस ठेवलं तर? तेवढ्यानं काय होतं?' हा प्रश्न येणारच. होतं असं, की गॅस आणि अल्कोहोल जोडीनंच येतात. सोड्याइतका फेस येईपर्यंत अल्कोहोल एक टक्क्याच्या आत असतं हे खरं, पण मोहाच्या अर्कात साखर इतकी असते की यीस्ट तिथं थांबत नाही, खातच राहतं. एक दिवसाचे दोन दिवस झाले, लाइट गेली, फ्रिज बंद पडला, तर पुन्हा तीच बाटली आणि तोच कायदा. लहान भावंडं घरात असतील तर विषयच संपला.

अर्क काचेच्या स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस. झाकण उघडताना 'फुस्स' झालं किंवा वर बारीक फेस दिसला तर चव न बघता ओतून टाका. जास्त दिवस ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तशा वड्या सोड्यात टाका.

फुलं विकत घेताना या वर्षीची मागा. या वर्षीची तांबूस, थोडी चिकट आणि लवचिक असतात. जुनी काळपट होतात, त्यांना आंबूस वास येतो, आणि पावसाळ्यात ओल लागलेली असली तर बुरशी धरलेली असते. आठवडी बाजारात विकणारी बाई समोरच असते, तिलाच विचारा. फुलं कधीची, कुठल्या झाडाखालची, हे तिला पाठ असतं. आणि भाव करताना एवढं ध्यानात ठेवा, की एक किलो वाळलेलं फूल करायला तिला त्याच्या कितीतरी पट ओलं फूल वाकून, एकेक करून वेचावं लागलंय.